इथे फोन करू नये

"फोन परत वाजला तेव्हा उचललाच कशाला तुम्ही?" मोठ्या ताई ओरडल्या. आमच्या संस्थेच्या त्या प्रमुख. अकरा वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच आवाज चढवला त्यांनी.

काय सांगणार, कपाळ! नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांचे फोन घेणं, हेच माझं काम. त्यातली एक रोज अकराला मुलीला शाळेत सोडायची आणि शाळेच्या ऑफिसातून आम्हाला फोन करायची. दोनच मिनिटं बोलायची. घर सोडायचं तिचं ठरत होतं, पण पाय निघत नव्हता. आता तीन दिवस तिचा फोन नाही. तिच्या फाइलवर मोबाइल नंबर होता आणि खाली लाल शाईत, माझ्याच अक्षरात, 'इथे फोन करू नये.' तरी केला. जिवाला चैन पडेना म्हणून केला. उचलला नवऱ्याने. मी झटकन ठेवून दिला.

इथवर निभावलं असतं. पण मिनिटभरात आमचा फोन वाजला, आणि अकरा वर्षांची सवय लागलेली जीभ, ती थांबते थोडीच? "नमस्कार, महिला आधार केंद्र. बोला, घाबरू नका." घरी नणंदेचा फोन आला तरी मी हेच म्हणते. आमचे हे म्हणतात, अगं, घाबरायचं तर आपण! पलीकडून त्याच नवऱ्याचं नुसतं "अस्सं!" आणि फोन बंद.

ताईंनी पोलिसांना फोन लावला. गाडी बाहेर गेली होती, अर्धा तास लागेल म्हणाले. अर्ध्या तासात माणूस काय काय करू शकतो, ते आमच्या कपाटातल्या फायली वाचून बघा. फाइलवरचा पत्ता घेऊन आम्ही दोघी रिक्षात बसलो. तिला काही झालं तर ते मी केलेलं असणार, त्या मेल्याने नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं.

तिसरा मजला. दार त्यानेच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज.

"या ना. तुम्हीच का त्या 'घाबरू नका'वाल्या?"

त्याच्या मागे ती उभी होती. एक डोळा सुजून बंद झालेला. मुलगी तिच्या कमरेला चिकटलेली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. शेजारची दोन दारं किलकिली झाली.

तेवढ्यात मला सुचलं ते मी बोलून टाकलं. "साहेब, चूक माझी. शाळेच्या यादीतून नंबर घेतला. कार्यक्रमाला बायका जमवायच्या असतात हो, दिसेल त्या नंबरावर फोन करते. तुमच्या घरच्यांना मी ओळखतसुद्धा नाही."

"म्हणजे लोकांच्या बायका पळवायचा धंदा."

"हो साहेब. अक्कल नाही मला."

"मोठ्याने बोला. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे."

"अक्कल नाही मला!" मी म्हणाले. ताईंनी माझा दंड धरला होता, तो मी सोडवून घेतला. मला त्याचा इतका संताप आला होता की त्याच्या थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटत होती. पण तो मला बोलत होता तोवर तिच्याकडे वळत नव्हता, आणि मला तेवढाच वेळ काढायचा होता. जिन्यात अजून पोलिसांच्या बुटांचा आवाज नव्हता.

"नुसतं बोलून नाही भागत. हात जोडा."

जोडले. पन्नाशी उलटलेली बाई मी, सासूपुढे नाही कधी अशी वाकले. मुलगी टक लावून माझ्याकडे बघत होती.

"अजून खाली," तो म्हणाला.

"पुरे."

आवाज तिचा होता. फोनवरचा तोच, बारीक, घाईघाईचा.

"खोटं बोलताहेत त्या. मीच फोन करत होते, रोज."

त्याने दारात आडवा हात लावला. ती वाकली. आधी मुलीला त्या हाताखालून बाहेर सरकवलं, मग स्वतः आली. तो काहीतरी ओरडत होता, ते मला ऐकूच येत नव्हतं. माझे हात अजून जोडलेलेच होते. तिनेच ते धरून खाली केले.