चाकाखालचं लिंबू

आश्विनातलं ऊन डोंगरावरून हळूहळू उतरत होतं. आधी सड्यावरच्या काळ्या कातळाला त्यानं सोनेरी हात लावला, मग भाताच्या वाकलेल्या लोंब्यांना, मग अंगणातल्या झेंडूला. दवाच्या थेंबाथेंबात एकेक इवला डोंगर उलटा टांगलेला होता. थेंब ओघळला की तो डोंगरही निमूटपणे मातीत मिसळत होता.

त्या सोनेरी, सुगंधी, निश्चल सकाळी प्रणिताला भीती वाटत होती.

भीती पाटावर होती. खंडेनवमीच्या पाटावर, रांगोळीच्या वेलींमध्ये, तांदळाच्या शुभ्र राशीवर. तिथं कोयती होती, विळा होता, नांगराचा फाळ होता. आणि सगळ्यांच्या मधोमध, गळ्यात झेंडूची माळ ल्यालेली, लांब, काळी, थंडगार ठासणीची बंदूक होती. एरवी ती रानडुकरांपासून भात राखायची. आज ती देवी होती. घरातल्या सर्वांत धाकट्या बोटानं तिच्या नळीला कुंकू लावायचं, ही या घरची रीत.

सर्वांत धाकटं बोट दुर्वाचं. पाच वर्षांचं, हळदीत बुडून पिवळं झालेलं, तिच्या नव्या फ्रॉकाइतकंच पिवळं.

आदल्या संध्याकाळी प्रणिताचा नवरा रुपेश शेतातल्या माळ्यावर राखणीला गेला होता. जाताना दारू आणि छर्रे नळीत ठासून, घोड्याखाली बार पेटवणारी केप बसवून गेला होता. ती कान देऊन पडली होती. तिनं रातकिडे ऐकले, ओढा ऐकला, पानांवरचं दव ऐकलं. बार ऐकला नाही. डुकरं आलीच नव्हती. पहाटे तो परतला, आणि बंदूक तशीच पाटावर चढली.

आणि ठासलेली नळी बार उडवल्याशिवाय रिकामी होत नाही. झेंडूखाली, कुंकवाखाली, धुपाच्या निळ्या वलयांखाली तो न झालेला आवाज अजून नळीत दबा धरून बसला होता.

ओढ्यापलीकडे एक घर दिसत होतं. तिथल्या सोहमनं गेल्या वर्षी दारामागची बंदूक खेळायला घेतली होती. पडवीत त्याचा झोपाळा अजून तसाच होता. वारा आला की हलायचा. कोणी सोडवत नव्हतं, कोणी बसत नव्हतं.

"अवो," ती रुपेशला म्हणाली, "बंदूक भरलेलीच हाय ना?"

आरशापुढे भांग पाडणारा त्याचा हात केसांतच थांबला. "केप काढली असन बहुतेक."

"बहुतेक?"

तिचे सासरे तात्या पाटासमोरून करवादले. "मांडलेलं हत्यार दसऱ्याआदी उचलायचं नाय. माज्या बापानं कदी उचललं नाय. तुला आजच बरं भ्या वाटलं गो!"

अंगणात धाकटा दीर नितेश त्याच्या टेम्पोला माळ बांधत होता. तिथूनच हसला, "वैनी, तिला डुकरं भितात तेवढं बास हाय की!"

तेवढ्यात दुर्वा कुंकवाची वाटी घेऊन पाटापुढे बसली. वाकली. नळीच्या काळ्या वर्तुळासमोर तिचं गोल कपाळ आलं. अंधाराच्या विवरासमोर चंद्र आला.

प्रणितानं बंदूक उचलली.

रीत मोडल्याचा आवाज होत नाही. फक्त तांदूळ सांडले. फक्त माळेचा दोरा तुटून झेंडू जमिनीवर घरंगळले. तात्यांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांच्या मिटल्या पापण्या थरथरत राहिल्या.

नळी आभाळाकडे धरून तिनं बंदूक नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं पाहिलं. केप जागच्या जागी होती, तांब्याची, चिमुकली, चकाकणारी. बापाकडे न बघता तो परसाच्या टोकाला गेला आणि नळी डोंगराच्या उतारात रोखली.

जाळ चमकला. आवाज आला. मग डोंगरानं तो आवाज परत दिला, आणि पलीकडच्या डोंगरानं पुन्हा. भातातून बगळ्यांचा शुभ्र थवा फाटलेल्या कागदासारखा उधळला. एवढा आवाज त्या नळीत होता. एवढा आवाज त्या कपाळासमोर होता.

सगळे उताराकडे, विरत जाणाऱ्या धुराकडे बघत राहिले. प्रणिताला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकाच श्वासात आलं.

"चला," नितेश म्हणाला, "देवी गरजली. आता आमच्या रथाचा मुहूर्त!"

टेम्पोला तात्यांची रीत लागू नव्हती. त्याची रीत नवी होती: चाकाचाकापुढे एकेक लिंबू, त्यावरून हातभर गाडी, आणि टाळ्या. लिंबं परसातली, प्रणितानंच तोडलेली, पूजेआधी प्रणितानंच ठेवलेली. नितेश चढला. इंजिन घुरघुरलं. काचेवरची माळ शहारली.

पुढच्या चाकाखालचं लिंबू फुटलं. हिरवा, आंबट, तीक्ष्ण वास अंगणभर पसरला.

प्रणितानं मागच्या चाकाकडे पाहिलं. तिथं लिंबू नव्हतं.

तिनं पाटाकडे पाहिलं. तिथं दुर्वा नव्हती.

ती धावली, टेम्पोच्या पुढ्यात, दोन्ही तळवे काचेवर, झेंडूवर. पाकळ्या चिरडल्या. ब्रेक किंचाळला. मग सगळंच थांबलं. इंजिन थांबलं, टाळ्या थांबल्या, ऊन थांबलं.

आवाजाला भ्यालेलं मांजराचं पिल्लू जवळच्या अंधारात शिरतं, तशी दुर्वा टेम्पोखाली शिरली होती. पोटावर पडून एक हात कानावर दाबलेला. दुसऱ्या मुठीत लिंबू. आणि नव्या फ्रॉकाचा घेर मागच्या चाकाच्या काळ्या, खाचाखाचांच्या ओठात.

"आई," ती आतून म्हणाली, "गेला आवाज?"

नितेशचा हात चावीकडे गेला. "मागं घेतो, वैनी, जरासाच..."

"भावजी, चावीला हात लावू नका!"

हातभर मागं, हातभर पुढं. एवढ्याशा अंतरावर आता कुणाचाच विश्वास नव्हता. चाकाजवळ ती आडवी झाली. फ्रॉक ओढला. सुटेना.

तेव्हा तिच्या खांद्यापाशी सुरकुतलेला हात आला. त्या हातात कोयती होती. पाटावरची, कुंकू लावलेली, दसऱ्याआधी न उचलायची.

"काप," तात्या म्हणाले. "काप गो बाय."

तिनं कापड कापलं. लेकीला बाहेर ओढलं. छातीशी धरलं, इतकं घट्ट की दुर्वा म्हणाली, "आई, लिंबू चेंगरंल."

तो टेम्पो कुणी हलवला नाही. त्या दिवशी नाही, दसऱ्यालाही नाही. माळ सुकली, रांगोळी पुसट झाली. चाकाखाली मात्र पिवळ्या कापडाचा तो तुकडा तसाच धरलेला होता. ओढ्यापलीकडचा झोपाळा हलला, की तोही हलायचा. झोपाळा थांबला, की तोही थांबायचा. आणि उंबऱ्यात बसलेली प्रणिता, मांडीवर निजलेल्या लेकीच्या छातीवर तळवा ठेवून, त्याच वाऱ्याच्या लयीत मोजत राहायची: श्वास आला. श्वास गेला. आला.