हँडलवरचा काळा रंग

"बाबा, आजोबांची ही गाडी दादालाच का? मला का नाही?"

हे विचारताना ती बाबांकडे बघतच नव्हती. ती बघत होती हँडलवरच्या हॉर्नच्या बटणाकडे – कडा झिजलेलं, मधोमध आजोबांच्या अंगठ्यानं खळगा पडलेलं ते बटण, आणि तो खळगा तिच्या अंगठ्यानं अजून पुरता भरत नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती: वर्गात एवढं तोंड चालतं ना तुझं, मग घरी हे विचारून दाखव, नाहीतर उद्यापासून तुला भोंगा नाही, पिपाणी म्हणू. तर विचारलं. झालं. जीभ काही गळून पडली नाही.

टाकी पुसता पुसता बाबांनी मान वर केली. "दादा घरातला मुलगा आहे," ते म्हणाले, जशी काही ती घरातलं कपाट होती. मग तिचं तोंड बघून हसले. "बरं, आधी हिचा हॉर्न तरी धड वाजवून दाखव. मग बघू."

"आणि हळू बोल गं," आतून आई. "पलीकडच्या घरात ऐकू जातं."

संध्याकाळी काका येऊन गाडी नेणार होते, त्यांच्या मुलासाठी, म्हणजे दादासाठी. गाडीला किक मारताना दादाचा एकदा पाय मुरगळला होता आणि तेव्हापासून त्याला ती लांबूनच आवडायची. बाबा अंघोळीला गेले आणि त्यांचं ते 'मग बघू' शेडमध्ये तिच्यापुढे उभं राहिलं. मोठी माणसं 'मग बघू' म्हणतात तेव्हा बघायचं काहीच नसतं, एवढं तिला कळत होतं... पण बोलले तर होते. शब्द म्हणजे शब्द.

तिनं बटण दाबलं. हॉर्न कण्हला, सर्दी झालेल्या बेडकासारखा. पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी वाजला की ती दप्तर टाकून फाटक उघडायला धावायची, आणि फाटक उघडलं तरी आजोबा वाजवतच राहायचे, कारण त्यांना स्वतःला तो जेमतेम ऐकू यायचा. त्यांच्याशी बोलायचं तर पोटातून बोलावं लागे. तिचा आवाज तसा घडला – आणि आजोबा गेल्यावर, त्याच घरात, त्याच माणसांना तो एकाएकी मोठा वाटायला लागला. मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणे. मी तो कुणासाठी कमावला होता, हे विचारलं का कुणी?

आधी बॅटरी बघ, आजोबा म्हणायचे. ती टॉर्च धरून शेजारी उकिडवी बसलेली, त्यांची बोटं ग्रीसनं काळी. तिनं गाडीचा दिवा लावला. लख्ख. म्हणजे बॅटरी ठणठणीत. हॉर्नच्या पाठीवरचा स्क्रू जरासा पिळला, मग सैल केला; कण्हणं तेच. काकांनी तर केव्हाच निकाल दिला होता – म्हातारा झालाय तो हॉर्न, काढून टाकू, नवा बसवू. काढून टाकणं काकांना फार सोपं जातं.

बटणाकडे जाणारी वायर तिनं हॉर्नवरून सोडवली, तिथं दुसरी अडकवली आणि तिचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवलं.

हॉर्न असा ओरडला की छपरावरची कबुतरं उडाली आणि तिच्या हातातून वायर सुटली.

...म्हणजे याला काही झालेलंच नाही. आवाज होता, पहिल्याइतकाच होता, छातीत कोंडून बसला होता. वीज जाते तशी तिला परत यायलाही वाट लागते, आजोबा सांगायचे, आणि या गाडीत ती वाट हँडलवरून जाते. तिनं वायर पूर्ववत लावली, बटण हँडलला आवळणारी पट्टी खोलली. बटण आतून स्वच्छ. पट्टीखाली, हँडलवर, काळाभोर गुळगुळीत रंग. बाबांचा. जुनं हँडल गंजलं म्हणून त्यांनीच दिला होता, थरावर थर, आणि तिला हाक मारून म्हणाले होते, ये बघ, तोंड दिसतं यात. दिसलं होतं तिला तोंड. बाबांचंही दिसलं होतं, तिच्या खांद्यामागे, डोळे पुसताना. आपल्या वडिलांची गाडी ते रंगवत होते. मायेनंच रंगवत होते... आणि रंगातून वीज जात नाही, म्हणून गाडीचा गळा त्यानंच बंद झाला होता. मायेनं दिलेला असला म्हणून काय झालं? अडवतो तो अडवतोच.

तिनं पॉलिशपेपर काढला. पट्टीखालचा रंग घासायला लागली.

शेवटी कागद घसरला आणि पट्टीच्या बाहेरही नखाएवढा धातू उघडा पडला. कालपर्यंत तिनं त्यावर काळं पेन फिरवलं असतं. आज पट्टी आवळली, अंगठा खळग्यात ठेवला आणि दाबला – आणि दाबूनच धरला, फाटक उघडल्यावरही आजोबा धरायचे तसा.

बाबा ओल्या डोक्यानं आले, त्यांच्यामागे हात पुसत आई. बाबा आधी हसले, हॉर्न ऐकून, लहान मुलासारखे. मग त्यांना हँडल दिसलं.

"रंग खरवडलास?"

"खरवडला. त्याच्यामुळेच अडलं होतं. हॉर्न चांगलाच आहे."

बाबांचं बोट त्या उघड्या धातूवर गेलं आणि तिथंच राहिलं. रागावलेत की काय, ते कळेना. कळायची वाट बघत बसले तर संध्याकाळ होईल, तिला वाटलं.

"अगं, पण जरा हळू..." आई म्हणाली.

"नाही," ती म्हणाली, आणि तिच्याच कानांना ओळखू आलं की हा आजोबांशी बोलायचा आवाज आहे. इतके दिवस कुठं गेला होता कोण जाणे, आला तो थेट पोटातूनच आला. "गाडी आज जाणार नाही. काकांना तुम्ही सांगा, नाहीतर फाटकात उभी राहून मी सांगते. अठरा पुरी झाली की मी लायसन काढणार आणि हिला मीच चालवणार. माझं ठरलंय."