दोन फाकांचं कवच

मार्लिसने दोन्ही कवचं बंदुकांच्या दुकानाच्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. रायफलच्या नळीभोवती बसवायची, वर दातेरी पट्टी असलेली. त्या पट्टीवर दुर्बीण आवळायची.

"हे अखंड घ्या, पा," ती म्हणाली. "हे नुसतं मुळाशी आवळतात, पुढे नळीला शिवतसुद्धा नाही. दुर्बीण तसूभर हलणार नाही. ते दुसरं दोन फाकांचं आहे. हाताने दाबलं की बसतं, आणि हाताने दाबलं की हलतंही."

तिच्या बापाने, थर्मनने, अखंड कवच उचललं, उलटसुलट केलं आणि दुकानमालक क्लीटच्या नाकासमोर धरलं.

"बायका केस कुरळे करतात ती नळी ना रे ही? भोकंबिकं पाडून?"

क्लीट फिसकन हसला. शेगडीपाशी कॉफी पीत बसलेले दोघे मेंढपाळही हसले.

"सैन्यात चार वर्षं माझ्या रायफलला दोन फाकांचंच होतं," थर्मन म्हणाला. "तिथे कुण्या पोरीला विचारून नेम नव्हता धरला मी."

"तेव्हा नेमाची खाच बंदुकीच्या अंगावर होती, पा. तुमची दुर्बीण आता कवचावर बसणार."

हे चारचौघांत बोलायला नको होतं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडी थर्मनचा ट्रक घाटात उलटला आणि डॉक्टरांनी त्याच्या मानेचे मणके एकमेकांना जखडून टाकले. दस्त्यावर गाल टेकवून डोळा दुर्बिणीशी नेणं आता त्याच्याच्याने होत नव्हतं. म्हणून लांबून बघायची दुर्बीण, नळीवर पुढे, हातभर अंतरावर. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण थर्मनसमोर कुणी उच्चारत नसे.

त्याचा चेहरा लाल झाला. "देवाकडे मुलगा मागितला होता," तो शेगडीकडच्यांना म्हणाला. "त्याने ही धाडली. हिला नवरा काही धरून ठेवता आला नाही, म्हणून पाना धरून बसलीय."

या वेळी सगळे जास्तच हसले. मार्लिसने अखंड कवच पुसलं आणि पुन्हा खोक्यात ठेवलं. "बरं पा," ती म्हणाली. "दोन फाकांचं बसवते."

कोकरं जन्माला यायचे दिवस होते, आणि कोल्हे टपून होते. इरिबार्नेबाईंच्या मेंढ्यांसाठी कोल्हे मारायचं काम तेरा वर्षं थर्मनकडे होतं. ओढ्याकाठची लाकडी खोली त्या कामासोबतच आलेली. म्हातारी इरिबार्नेबाई बोलायला सरळ होती: "शनिवारी दोनशे पावलांवरून जेवणाच्या ताटाएवढ्या पत्र्यावर पाच गोळ्या. चार लागल्या तर तू राहशील. नाही तर बेंटनला बोलावलंय, काम त्याचं आणि खोलीही त्याची."

दुपारी गिऱ्हाईक पांगलं. मार्लिस मागच्या दुरुस्तीच्या टेबलाशी बसली होती. वरची फाक बसली, खालची बसली, मागचं स्प्रिंगचं कडं टक्कन जागेवर आलं. तिने अंगठ्याने जरा रेटून पाहिलं. केसभर हललं. दोनशे पावलांवर या केसभराचा वीतभर होतो.

दारात थर्मन उभा होता. टोपी हातात. तो मान वळवू शकत नव्हता म्हणून अख्खाच वळून त्याने बघून घेतलं, मागे क्लीट नाही ना.

"मार्लिस," तो म्हणाला. 'पोरी' नाही, 'ए' नाही. नावाने हाक मारली. "खरं सांग. चालेल ना गं हे? माझी खोली पणाला लागलीय यात."

अजून वेळ होता. कडं ओढायचं, दोन फाका काढायच्या, नळीचा नट सोडवून अखंड चढवायचं, तासाभराचं काम. मार्लिसने राखेच्या बुधवारी नेम घेतला होता: ईस्टरपर्यंत चाळीस दिवस कुणाला कडू शब्द बोलायचा नाही. जेवणाआधी, झोपण्याआधी ती देवाला त्या नेमाची आठवण करून देई, आणि आजवर तो तिने काटेकोर पाळला होता.

"छान बसलंय, पा," ती मऊ आवाजात म्हणाली.

नेम मोडला नाही.

म्हाताऱ्याने हात पुढे करून तिच्या खांद्यावर थोपटलं. कधी नव्हे ते.

शनिवारी कुंपणापाशी दहाबारा माणसं जमली. पहिल्या दोन गोळ्या थर्मनने वाळूच्या पिशवीवर रायफल अलगद ठेवून झाडल्या. टण्. टण्. पत्रा वाजला. इरिबार्नेबाईंनी मान डोलावली.

"अहो काका," बेंटन ओरडला, "कोल्हा आला की त्याला म्हणणार का, थांब रे बाबा, पिशवी आणतो?"

लोक हसले. थर्मनने पिशवी लाथेने उडवली. रायफल कुंपणाच्या खांबावर टेकली आणि तेरा वर्षं टेकायचा तसाच सगळा भार तिच्यावर टाकला. कवच त्या भाराखाली दबलं, आणि त्याच्यासोबत दुर्बीणही. त्याला ते दिसायची सोय नव्हती. मार्लिसला दिसलं.

तिसरी गोळी पत्र्याच्या डावीकडे मातीत गेली. चौथी त्याहून डावीकडे. पाचवी झाडायला त्याने इतका वेळ घेतला, की मागच्या वाड्यातली एक मेंढी ओरडून ओरडून गप्प झाली. तीही मातीतच.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं.

बेंटनने रायफल हातात घेतली, नळीवरचं कवच मुठीत धरून हलवलं आणि ओठ मुडपले. "पडायला आलेल्या दातासारखं हलतंय हो हे! यावर दुर्बीण? कुण्या गाढवाने बसवलं?"

मार्लिसने खाली बघितलं. आता नाव येणार.

"मी निवडलं," थर्मन म्हणाला. आवाज चिरका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पोरगी नको म्हणत होती. दुकानात सगळ्यांदेखत नको म्हणाली. तिला या कामातलं माझ्याहून जास्त कळतं. मीच हसलो तिला."

पस्तीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते असं आलं. त्या दुपारी मागच्या टेबलाशी त्याने काय विचारलं, तिने काय सांगितलं, ते त्याच्या लक्षात नव्हतं की त्याने मुद्दाम गिळलं, हे तिला कळेना. विचारायची सोय नव्हती.

"बरं झालं सांगितलंस," इरिबार्नेबाई म्हणाल्या. "मार्लिस, यापुढे माझ्या माणसांच्या सगळ्या बंदुका तुझ्याकडे. थर्मन, सोमवारी खोली मोकळी कर. बेंटनची बायको यायचीय."

माणसं पांगली. थर्मन कुंपणाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "तुझ्या घरी ती मागची खोली आहे ना गं? एक खाट मावेल. मी काही बोलणार नाही तुला. मेरीमातेची शपथ."

बोलणार नाही, हे तिने ओळखलं. रोज सकाळी समोर बसेल, कॉफी घेईल आणि आल्यागेल्याला सांगेल की माझी पोरगी हुशार, मीच ऐकलं नाही. रोज. मरेपर्यंत.

"तिथे सामान आहे, पा," मार्लिस म्हणाली. तेवढ्याच मऊ आवाजात.

"बरं," थर्मन म्हणाला.