पाच मिनिटांची घंटी

पितळी घंटीच्या मुठीवरचा तो हिरवट डाग नखानं कितीही खरवडला तरी जाईना. आठ वर्षं ही घंटी तिच्याच हाताशी होती. वस्तीतल्या लोकांनी पदरचं घालून निधी उभा केलेला. हक्कासाठी भांडणाऱ्या छोट्या संघटनांनी मदत मागायला यायचं, समितीपुढे पाच मिनिटं बोलायचं, घंटी वाजली की गप्प. पुन्हा संधी नाही.

आणि आज समोर थोरली. दवाखान्याच्या फरशा दोघींनी जोडीनं पुसल्या — थोरली पुढे पाणी टाकायची, ही मागून ओढायची, म्हणून ती थोरली, ही धाकटी; नातं तेवढंच. दारातच थोरलीनं हात धरला होता, "अगं बाई, तू समितीत? मिटली की काळजी!" ...हिनं हात सोडवून घेतला होता.

थोरली कागद धरून वाचत होती, एकेक शब्द चाचपडत. सतरा जणींना काढलंय. संघटना सोडा, मग घेऊ म्हणतात. वकील पाहिजे, बसायला एक खोली पाहिजे. अगदी सरळ, कोरडं... अशानं काय मिळतंय, वेडे! आठ वर्षांपूर्वी मीही असंच वाचत होते, तू बसलीस त्याच खुर्चीत, आणि समोर सगळे जांभया देत होते, आणि संघटना तर आपली दोघींची होती, आणि तू त्या दुःखात गावी जाऊन पडली होतीस — मग माझ्या तोंडून निघून गेलं. निघून गेलं, एवढंच.

"ते ठीक आहे हो," समितीतले मास्तर म्हणाले, "पण तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा की. आमच्या ताईंचंच बघा. पोटची पोर गेली! फरशीचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून द्यायचा दवाखाना, पोरगी पाणी समजून प्यायली. या खोलीत एक डोळा कोरडा नव्हता त्या दिवशी. मग त्यांनाच समितीत घेतलं आम्ही."

थोरलीनं कागद खाली ठेवला. हिच्याकडे पाहिलं. हिचा एकुलता एक मुलगा, धडधाकट, सकाळीच डबा घेऊन कामावर गेलेला... आता सांगेल. सांगितलं तर सतरा जणींचं भलं होईल, आणि माझं तोंड काळं होईल.

"अहो, ती पोरगी तर—"

घंटी वाजली.

"अजून मिनिटभर होतं ना, ताई?" मास्तरांनी विचारलं.

"नव्हतं," ती म्हणाली. किती सहज!

थोरली आरडाओरडा करील असं वाटलं होतं. तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत टाकली. बाहेर सतरा जणी ताटकळत उभ्या होत्या. उठताना ती वाकली, फक्त हिलाच ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "चार पुरी व्हायची होती गं माझ्या पोरीला. तेवढं तरी खरं सांगितलंस का?"

दार लागलं. मास्तर म्हणाले, "मुद्दे बरे होते, पण काळजाला नाही भिडलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिनंही डोलावली.

चार? मी सात सांगितलं होतं. दुधाचा दात पडलेला, तो तिनं मुठीत धरून ठेवलेला — आठ वर्षं सांगतेय मी, दर वेळी रडू येतं, खरं रडू. आणि ही बाई आज उठून येते, चार म्हणते... तिच्या अंगाचा तिळपापड झाला, नख पुन्हा त्या डागावर गेलं. सातच होती. माझ्या पोरीचं वय मला सांगणारी ही कोण?