तीन किलोचा घण

खोपोलीच्या बाजारात दुकानदार सिराजनं पाच किलोचा घण पांडूच्या हातात दिला. पांडूनं तो जोखला. "ह्योच द्या. लोखंड लवकर वाकंल."

त्याची बायको पुतळाबाई दुकानाच्या दारात येरझारा घालत होती. भट्टीपुढं पांडू सांडशीनं तापलं लोखंड धरायचा, घण मारायची ती. अंगाची हळद उतरली नव्हती तेव्हापासून तीच. यंदा उजवा खांदा सारखा ठणकायचा, पण तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं आत येऊन तीन किलोचा घण उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "ह्यो घेऊ या."

"त्यो काय घण हाय? लोकं हसतील."

"हसनारी लोकं मारायला येनार हायेत?"

सिराज चमकला. "घण तुम्ही मारता, भाभी?"

"मारते की. पन पाचाचा घेतला तर ह्ये मारतील. मी सांडशी धरीन."

पांडूनं हसत पाचाचा घण उचलून हवेत मारून दाखवला. पाचव्या खेपेला त्याचं हसू गेलं. घण खाली ठेवून त्यानं आपला खांदा चोळला, मग तिच्याकडं पाहिलं.

"कधीपासून दुखतो गं?"

तिनं पदर उजव्या खांद्यावर ओढून घेतला.

"तिनाचाच द्या, सिराजभाय," पांडू म्हणाला. "आनि दांडा हिच्या मुठीत बसंल असा घाला."