दत्तोबांची तबकडी

नातीनं मोबाइल पुढं धरला आणि सुभद्राबाईंच्या हातातली बशी खाली आदळली. चहा सांडला तो सांडला, त्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

"ही कोन बया?" त्यांनी विचारलं.

फोटोत एक भलंमोठं रंगीत चित्र होतं. अंजिरी नऊवारी, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, अंबाड्यावर मोगऱ्याची वेणी. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : संगीतनट कै. दत्तोबा निघोजेकर.

"पणजोबा आहेत, आजी," ऋता चाचरत म्हणाली. "उद्धवकाकांनी पाठवलाय फोटो. उद्या सभागृहाच्या उद्घाटनाला ह्याच चित्राचं अनावरण आहे."

"माज्या बापाला लुगडं नेसवलं?" सुभद्राबाई उठून उभ्याच राहिल्या. "नथ घातली? त्या उद्धवाचं डोस्कं ठिकान्यावर हाय का?"

तशी सुभद्राबाईंना रागवायला फारशा कारणाची गरज लागत नाही. नव्वदी उलटली, तोंडात दात उरले नाहीत, पण शब्दाला धार अशी की आकुर्डीच्या त्या सगळ्या आळीत भाजीवालासुद्धा त्यांच्या दारात वजनात काटा मारत नाही. मात्र आजचा राग निराळा होता.

हे दत्तोबा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. निघोज्याचा हा शेतकऱ्याचा पोर मिसरूड फुटायच्या आत घरातून पळाला आणि नाटक मंडळीत शिरला. गळा असा लागला की तिथं त्याचं नाव झालं. पुण्यापासून नागपुरापर्यंत लोक बैलगाड्या जुंपून त्याची पदं ऐकायला यायचे म्हणतात. विजेचा मायक्रोफोन यायच्या आधीच्या काळात, भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि आवाज मेणात कोरला जायचा, तेव्हा तरण्या दत्तोबांच्या काही तबकड्या निघाल्या. पुढं मंडळी मोडली. दत्तोबा गावी आले, मोट हाकू लागले, संसाराला लागले, उतारवयात त्यांना सुभद्रा झाली. रंगवलेल्या तोंडाचा त्यांचा एकही फोटो मागं राहिला नाही. पदं लोक विसरले, मग नावही विसरले.

मग गेल्या वर्षी वाकडचा निरंजन नावाचा एक जण निघोज्यात येऊन धडकला. हा कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला, पण रविवार आला की जुन्या बाजारात तबकड्या धुंडाळत फिरणारा. त्याला दत्तोबांची एक तबकडी सापडली होती. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर फक्त नाव आणि राग. त्यानं ती वाजवली तर आतून आवाज आला नाजूक, उंच, साखरेत घोळलेला. पद विरहाचं. राजाचं म्हणा की राणीचं म्हणा, शब्दांवरून काही कळायचं नाही. पण आवाजावरून सगळ्यांनी ओळखलं. त्या काळी स्त्रियांची कामं पुरुषच करायचे. म्हणजे आपले दत्तोबा नायिका!

ह्यात कुणाला बोल लावायचा? दुसरीकडचा माणूस असता तर बाप्याच्या गळ्यातून बाईचा आवाज आला म्हणून दचकला असता, यंत्र उघडून बघितलं असतं. मराठी माणूस दचकत नाही. तो लगेच हात जोडतो. पेपरात छापून आलं, 'निघोज्याची विस्मृतीतली नायिका'. गावाची छाती फुगली. आधीच जमिनी कंपन्यांना गेल्या, दारात गाड्या आल्या, पण अभिमानानं सांगावं असं काही नव्हतं. ते आता मिळालं. नव्या सभागृहाला दत्तोबांचं नाव द्यायचं ठरलं.

एकट्या सुभद्राबाई म्हणाल्या, "ह्यो माजा बाप न्हाई."

त्यांना मोबाइलवर पद ऐकवलं तेव्हा त्या उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या. सगळ्यांनी समजून घेतलं, म्हणजे काय, तर मान हलवली. म्हातारीला वाईट वाटतंय. बाप बाईचं सोंग घ्यायचा हे पचत नाही. ऋतासुद्धा तेच समजली होती आणि आज चहा पुसता पुसता तिनं ते बोलून दाखवलं.

"आजी, अगं स्त्रीपार्टी करणारे किती मोठे कलावंत असायचे! त्यात कमीपणा कसला?"

"कमीपना?" सुभद्राबाई कडाडल्या. "मला शिकवतीस व्हय? बाईचं काम करनारं लई थोर, त्यांच्या पायाचं तीर्थ घ्यावं. बाबाच सांगायचा तसं. पर बाबा त्यातला न्हवता. बाबा राजा व्हायचा. मोटंवर गायला लागला की इंद्रायणीच्या पल्याड तळवड्याला ऐकू जायचं. भरीव आवाज, नगाऱ्यावानी. छातीत घुमायचा. ती चिमनी कोन चिवचिवती त्या तबकडीत, मला ठावं न्हाई."

"पण नाव तर त्यांचंच आहे ना तबकडीवर."

तेच तर त्यांचं दुखणं होतं. सुभद्राबाई मटकन खाटेवर बसल्या.

"ऋता," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला गाताना ऐकलेलं आता ह्या जगात मी सोडून कुनी ऱ्हायलेलं न्हाई. मी गेले की ह्यो फोटूच खरा. मग बाबा कुनाला सापडायचा?"

ऋतानं उद्धवरावांना फोन लावला. उद्धवराव म्हणजे सुभद्राबाईंच्या थोरल्या भावाचा मुलगा, सभागृह समितीचा अध्यक्ष, गळ्यात सोन्याचा गोफ, मनानं भला माणूस. पलीकडून त्यांचा आवाज काकुळतीला आला.

"आत्या, पत्रिका गेल्यात तालुकाभर. चित्रकार नावाजलेला आनलाय. आता ऐन वक्ताला खोडा नको घालू. तू आमची माहेरवाशीन, पहिल्या खुर्चीचा मान तुजा. साडीचोळी आनलीय."

"मला साडी आनली ते बरं केलंस," सुभद्राबाई म्हणाल्या, "पर बापाला कशाला आनलीस? उद्या येते. आन समद्यांच्या म्होरं बोलनार हाय, सांगून ठेवते."

सकाळी ऋतानं गाडी काढली. कंटेनरच्या रांगांतून वाट काढत दोघी निघोज्याला पोचल्या तेव्हा सभागृह गच्च भरलं होतं. शाळेची मुलं, बचतगटाच्या बाया, कंपनीची माणसं, फेटे बांधलेले पाहुणे. सुभद्राबाईंना हात धरून पहिल्या रांगेत बसवलं, ओटी भरली. समोर रंगमंचावर लाल पडद्याआड ते चित्र. शेजारी टेबलावर निरंजननं आणलेला चावीचा फोनो, म्हणजे जुना ग्रामोफोन, पितळी कर्ण्यासमोर माईक लावलेला. उद्धवरावांची कल्पना झकास होती : तबकडी लागेल, सूर सुरू होतील आणि त्या सुरांतच पडदा बाजूला सरेल.

सुभद्राबाईंचा बेत वेगळा होता. पडद्याला हात लागला की उठायचं. बोलायचं काय, ते मात्र ठरत नव्हतं. पुरावा काय देणार? लहानपणी कानांनी ऐकलेलं? एवढ्या फेटेवाल्यांपुढं म्हातारीच्या कानांना कोण विचारतो! आपल्यामुळं बापाच्या नावाच्या दिवशीच गावात हसं झालं तर?

उद्धवरावांचं भाषण मारुतीच्या शेपटीसारखं लांबलं. शेवटी निरंजन फोनोला चावी द्यायला बसला, तोच सत्काराची घोषणा झाली. आपल्याकडं सत्काराला वेळकाळ नसतो. "तबकडी शोधून काढणारे माननीय निरंजनजी!" दोघांनी त्याला दंडाला धरून उठवलं, अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो झाला, पुन्हा एकदा झाला. लगेच कुणीतरी माईकवरून ओरडलं, "हां, लावा आता!" बिचाऱ्यानं काखेत नारळ दाबून, चावी अर्धीमुर्धीच दिलेली असताना, सुई तबकडीवर ठेवली.

तो नाजूक आवाज निघाला. लोकांनी माना डोलावल्या. पडद्याच्या दोरीपाशी उभा असलेला माणूस उद्धवरावांच्या खुणेची वाट बघू लागला.

"बग कसं पळतंय," सुभद्राबाई ऋताच्या कानाशी पुटपुटल्या. "बैलं उधळल्यागत."

आणि चावी उतरली. गाणं रेंगाळायला लागलं, आवाज खाली घसरायला लागला. शाळेची मुलं फिस्सकन हसली. निरंजनचा चेहरा पडला, नारळ खाली घरंगळला आणि तो चावीवर झेपावला.

"हात लावू नगस!"

अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. सुभद्राबाई उभ्या होत्या. काठी कुठं पडली त्यांना पत्ता नव्हता. पुढं झुकून, डोळे मिटून त्या ऐकत होत्या. आवाज आणखी उतरला, रुंद झाला, क्षणभर कर्ण्यातून एक भरीव पुरुषी सूर आला आणि त्याहून खाली बुडून बंद पडला.

"हाय! ह्यो हाय! आत्ता आला हुता!" त्या ओरडल्या. "ऋता, बाबा आला हुता गं!"

"आत्या," उद्धवराव घामाघूम होऊन धावले, "मशीन बंद पडलंय. चावी दिली की हुतंय सुरू."

"मशीन आत्ता कुठं नीट चाललं हुतं, उद्धवा! ह्ये लोक माज्या बापाला पळवत्यात. त्याला सावकाश गाऊ द्या."

कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. निरंजन मात्र चावीवर हात तसाच ठेवून म्हातारीकडं बघत राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला.

"आजी, चूक माझी आहे," तो म्हणाला, आणि ते माईकवरून सगळ्यांना ऐकू गेलं. "फार जुन्या तबकड्या सगळ्या एका वेगानं भरलेल्या नसायच्या. काही सावकाश फिरवून भरायचे. तशी तबकडी आजच्या वेगानं लावली की गाणं पळतं आणि आवाज बारीक होतो. हे मला माहीत होतं हो! पण आवाज बायकी आला, आणि मी धरूनच चाललो की हे स्त्रीपार्टी. तपासून बघावं असं डोक्यातच आलं नाही."

त्यानं चावी पुरती दिली. फोनोच्या अंगाला वेग कमीजास्त करायचा छोटा दांडा होता, त्यावर बोट ठेवलं. "पण किती सावकाश, ते ह्यावर लिहिलेलं नाही. तुम्ही सांगाल?"

ऋतानं आजीला धरून रंगमंचावर नेलं. सुई टेकली.

"अजून हळू," सुभद्राबाई म्हणाल्या. "अजून. न्हाई, आता लई झालं, रेडा हंबरतोय. वाईच वर. वाईच..." त्यांनी हात उचलला. "बास. ऱ्हाऊ दे."

निरंजननं दांडा सोडला. "साथीची पेटी ऐका," तो पुटपुटला, "इतके दिवस खेळण्यातल्या बाजासारखी वाजत होती. आत्ता पेटीसारखी वाजतेय."

पण त्याच्याकडं लक्ष कुणाचं होतं! कर्ण्यातून एक मर्दानी, भरदार आवाज बाहेर येत होता. घाई नाही, धडपड नाही. एकेक तान पायरी पायरीनं वर चढायची, वर जाऊन मोकळी व्हायची आणि ऐटीत खाली उतरायची. तबकडीची खरखर होती, पण ती कुणाला ऐकू येईना. विरहात बुडालेला राजा होता तो, आणि रडतानासुद्धा राजासारखाच रडत होता. हसणारी मुलं पुढं सरकून बसली. बचतगटाच्या बायांनी पदर तोंडाला लावला. उद्धवरावांनी दोरीवाल्याला हातानंच थोपवलं. "पडदा ऱ्हाऊ दे बंद," ते म्हणाले. "चित्र दुसरं काढू. आत्याला विचारून काढू."

सुभद्राबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याची लाज नव्हती. इतकी वर्षं हा आवाज त्यांनी एकटीनं सांभाळला होता. कुणी विश्वास ठेवला नाही, तेव्हा कधी कधी त्यांना स्वतःचाच संशय आला होता. आता तो सगळ्यांच्या छातीत घुमत होता. असा बाप मिळाला, अजून काय पाहिजे माणसाला!

शेवटची तान संपली. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले तेवढ्यात निरंजननं बोट वर केलं. एरवी गाणं संपलं की इथं काहीतरी चिरकल्यासारखं यायचं आणि त्याकडं कुणी लक्ष द्यायचं नाही. आता ते स्पष्ट आलं. त्या काळचे गाणारे पद संपल्यावर स्वतःचं नाव सांगायचे. एका तरण्या माणसाचा, दमलेला, खुशीतला, साधा बोलण्यातला आवाज कर्ण्यातून म्हणाला :

"मी दत्तोबा. मुक्काम निघोजे, तालुका खेड."

मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि छप्पर उडेल असा टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसं उभी राहिली. फेटेवाले पाहुणे उभे राहिले.

सुभद्राबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, कंबर होईल तेवढी ताठ केली आणि गावाकडं तोंड करून माईकमध्ये म्हणाल्या, "ह्यो माजा बाप."