दोन भोकांचे स्क्रू

सिस्टरबाईंचा दुरुस्तीला आलेला हीटर उलटा केला आणि धाकट्याच्या मनात पाल चुकचुकली. तळाचे चारही स्क्रू तसलेच. खाच नाहीच, नुसतं गुळगुळीत डोकं आणि त्यात शेजारीशेजारी दोन बारीक भोकं. महिन्याभरातला हा तिसरा हीटर. पहिल्या दोघांना त्याने काहीबाही सांगून वाटेला लावलं होतं, पण सिस्टरबाई तशा ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. इस्पितळातून निवृत्त झाल्या तरी आवाजातला करडेपणा शाबूत होता.

नवी कॉइल वर्षभरात कशी जाते, असं त्यांनी विचारलं. धाकट्याने हात झटकले. म्हणाला, "हे स्क्रू माझे नाहीत, दादाचे आहेत. आत त्याने काय केलंय, मला काय माहीत?"

बोलून गेला आणि स्वतःलाच कसंसं झालं. पण खोटं तरी काय होतं त्यात? दुकानाची रीत अशी, की ज्याने काम केलं त्याने तळाला खूण ओरखडायची. दादाचा गोल, धाकट्याचा त्रिकोण. या तिन्ही हीटरांवर त्रिकोणच होता. म्हणजे धाकट्याने साध्या स्क्रूंनी बंद केलेला हीटर दादाने त्याच्या मागे उघडला आणि हे स्क्रू ठोकून दिले. नवी कॉइल काढून जुनी घातली असेल, तर ते लपवायला याहून सोयीचं काय?

पाच महिन्यांपूर्वी दादाचे हात थरथरायला लागले आणि तो मुलीकडे राहायला गेला. जाताना सगळी अवजारं ठेवून गेला, फक्त एक स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. तेव्हा धाकट्याला वाटलं होतं, आठवण म्हणून नेतोय. आता तीच गोष्ट त्याला सलायला लागली.

हार्डवेअरवाल्याने स्क्रूचा फोटो पाहिला आणि मग चष्म्यावरून धाकट्याकडे पाहिलं. कुणी आत हात घालू नये म्हणून असले स्क्रू लावतात, तुला कशाला उघडायचेत, अशी त्याने उलटतपासणीच सुरू केली. शेवटी म्हणाला, तुझ्या दादानेच डबाभर नेले होते, ते उघडायचा स्क्रूड्रायव्हरही एकच होता, तोही त्यानेच नेला. धाकट्याचे कान तापले. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते सख्ख्या भावाच्या दारात.

त्याने दादाला फोन लावला. सिस्टरबाईंच्या हीटरच्या स्क्रूंचं नाव काढलं.

"तो उघडू नकोस," दादा म्हणाला. "माझ्याकडे पाठवून दे." आणि फोन ठेवता ठेवता नेहमीचं पालुपद, "तारेचा वळसा उजवीकडून घेत जा रे."

हे ऐकून ऐकून धाकट्याचे कान किटले होते. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला वळसे शिकवतोय! त्याने एक जुना स्क्रूड्रायव्हर शिकंज्यात धरला आणि डाव्या हाताने कानस चालवत पात्याच्या टोकाला मधोमध खाच पाडली. दोन दात उरले. पहिल्यांदा जाड झाले, दुसऱ्यांदा तिरके. तिसऱ्या खेपेला दोन्ही भोकांत नीट बसले आणि स्क्रू कुरकुरत फिरला.

आत कॉइल होती ती त्याचीच, त्यानेच बसवलेली. वापरून वापरून जळलेली. एवढंच. धाकट्याला हायसं वाटलं, आणि थोडी लाजही.

मग त्याला अर्थिंगच्या स्क्रूवर लाल नखरंगाचा ठिपका दिसला. तपासलेल्या जोडाला दादा लावायचा तो. त्याखालच्या तारेवर जुना, डावीकडून घेतलेला वळसा अजून उमटलेला होता. तो सरळ करून तीच तार उजवीकडून पुन्हा गुंडाळली होती.

तो डावीकडचा वळसा धाकट्याचाच होता. डावखुऱ्या हाताचा वळसा उलटा पडतो. स्क्रू आवळला की तार आत ओढली जाण्याऐवजी बाहेर सरकते, आणि काही महिन्यांच्या तापण्या-निवण्यात पार सुटते. मग आत कुठे वीज उतरली, तर हीटरच्या पत्र्याला हात लावणाऱ्याचं काही खरं नाही. दादाने तोंडाने सांगून पाहिलं होतं, तर धाकटा आठ दिवस दुकानात फिरकला नव्हता. त्यानंतर दादाने गुपचूप त्याची कामं उघडली, दुरुस्त केली आणि धाकट्याला दिसू नयेत म्हणून या स्क्रूंनी बंद केली. आणि धाकट्याने त्यालाच चोर ठरवला होता, तेही गिऱ्हाइकासमोर.

सिस्टरबाई हीटरची चौकशी करायला पुन्हा दुकानात आल्या. "सिस्टरबाई, चूक माझी होती," तो म्हणाला. "दादाने सांभाळून घेतली."

दादा गेल्यापासूनच्या पाच महिन्यांत इथून किती त्रिकोण बाहेर गेले? ते कुणी उघडले होते?

त्याने घाईघाईने गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही ओढली आणि पहिला फोन लावला.

"तुमच्या हीटरचे तळाचे स्क्रू बघा जरा. दोन भोकांचे आहेत का?"

पलीकडून हसत उत्तर आलं, छे, साधेच आहेत की.

"मग हीटरला हात लावू नका," धाकटा म्हणाला. "भिंतीवरचं बटण बंद करा. मी निघालोच."